गाडी सेल्फ घेईना? आधी तपासा, मग बॅटरी बदला

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर एरवी आम्ही बेणे, लागण, खोडवा, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण शेतीपासून फार लांबचा नाही. आपल्या कार्यक्षेत्रात आता घरटी नाही तरी वस्तीगणिक एखादी जुनी पिकअप गाडी आहे. बेण्याच्या मोळ्या, रोपांचे ट्रे, खताची पोती, तोडणी टोळीचा बाजार, डिझेलचे कॅन, दवाखान्याची निकड, सगळे तिच्यावरच चालते. आणि ऐन हंगामात, पहाटे चारला, हीच गाडी किल्ली फिरवली की नुसती ‘टक्’ करते आणि गप्प बसते.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच निकाल दिला जातो : “बॅटरी गेली.” नवी बॅटरी येते, पाच-सात हजारांची नोट मोडते, चार आठवडे बरे जातात आणि पुन्हा तीच रड सुरू होते. कारण रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे. पिवळा पडलेला ऊस पाहून कोणी डोळे झाकून युरियाचे पोते ओतले, तर आपण त्याला शहाणा म्हणत नाही. लोह कमी आहे का, मुळाला हुमणी लागली आहे का, पाणी साचले आहे का, हे आधी पाहतो. गाडीचेही तसेच आहे. क्रमाने तपासणी केली तर नव्वद टक्के दोष आपल्याच अंगणात, पाना आणि मीटर घेऊन, अर्ध्या तासात सापडावा.

खाली लिहिलेले बहुतेक सर्व ट्रॅक्टरलाही लागू आहे. १२ व्होल्टची बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हीकडे एकच.

विहीर, मोटार आणि पाट

गाडीतली विजेची व्यवस्था आपल्या पाण्याच्या व्यवस्थेसारखीच आहे. बॅटरी म्हणजे साठवण टाकी. अल्टरनेटर (ज्याला आपण अजूनही सवयीने डायनामो म्हणतो) म्हणजे टाकी भरणारी मोटार. रेग्युलेटर म्हणजे टाकी भरली की पाणी आवरणारा व्हॉल्व्ह. वायरी म्हणजे पाईपलाईन. आणि सेल्फ, दिवे, हॉर्न, टेप हे सगळे पाणी पिणारे.

टाकी रिकामी असण्याची कारणे चारच असू शकतात. टाकीच फुटकी आहे. मोटार पाणी उचलत नाही. मोटार उचलते पण पाईप चोंदला आहे. किंवा सगळे नीट आहे पण रात्री कोठेतरी नळ उघडा राहतो. तपासणी करायची ती या चारांपैकी कोणते, एवढे ठरवण्यासाठी.

एक हिशेब सर्वांनी ध्यानात ठेवावा. सेल्फ मारताना डिझेल इंजिन २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह ओढते. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण तो पाच सेकंदांचाच. २०० अँपिअर गुणिले ५ सेकंद म्हणजे अँपिअर-तासात पाव ते तीन दशांश एवढेच होतात. अल्टरनेटर नीट असेल तर दोन-तीन मिनिटांत ही भरपाई होते. उलट, दोन हेडलाईट आणि मागचे दिवे मिळून साधारण १४० वॅट, म्हणजे सुमारे १२ अँपिअर सतत खातात. काट्यापुढे रांगेत इंजिन बंद करून दिवे तीन तास जळत ठेवले तर ३६ अँपिअर-तास गेले. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी तिथेच अर्धी झाली. म्हणजे बॅटरी सेल्फने मरत नाही, चालू राहिलेल्या दिव्यांनी आणि टेपने मरते.

डिझेल गाडी रोग लपवते

पेट्रोल गाडीत चार्जिंग बंद पडले की थोड्या वेळात ठिणगी कमी होऊन गाडी थांबते व मालकाला कळते. जुन्या डिझेल गाडीचा पंप यंत्राने चालतो. एकदा इंजिन सुरू झाले की त्याला विजेची फारशी गरज उरत नाही. (ज्या गाड्यांना डिझेल बंद करणारा विजेचा सोलेनॉईड आहे त्या याला अपवाद.) त्यामुळे अल्टरनेटर आठ दिवस बंद असला तरी गाडी धावत राहते. उताराला लावायची, ढकलून सुरू करायची, असे दिवस निघतात. दिवे थोडे मंद झाले एवढेच जाणवते.

आणि येथेच खरा धोका आहे. हंगामात रात्री आपल्या रस्त्यांवर ऊसवाहतुकीची रीघ असते. बंद पडलेली, मागचा लाल दिवा विझलेली ट्रॉली किंवा पिकअप वळणावर उभी असेल, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसतच नाही. उसाची ट्रॉली तर मागून काळी भिंतच. म्हणून ‘गाडी चालते ना, मग झाले’ हा विचार सोडावा. दिवे मंद होणे ही पहिली सूचना समजावी.

दुसरे नुकसान उसाचे. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही दर हंगामात सांगतो. उशीर झाला की ऊस वाळतो, वजन घटते आणि साखरेचे विघटन होऊन उतारा घसरतो. शंभर-दोनशे रुपयांच्या वायरीपायी भरलेली ट्रॉली फडात दोन दिवस उभी राहिली, तर तोटा ऊसवाल्याचा आणि कारखान्याचाही.

पहिली पायरी : डोळे आणि हात

मीटर लावण्यापूर्वी बोनेट उघडून नीट पाहावे. किल्ली बंद ठेवावी.

फॅनबेल्ट : सर्वांत लांब पट्टीच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला तर ताण बरोबर आहे. फार ढिला असेल तर पुलीवर घसरतो, हेडलाईट लावून रेस दिल्यावर ‘किर्रर्र’ आवाज येतो आणि चार्जिंग अर्धे होते. फार ताणला तर बेअरिंग जाते. पट्टा आतून चकचकीत झाला असेल, कडा उसवल्या असतील किंवा तेल लागले असेल तर तो बदलावा. पावसात किंवा चिखलातून आल्यावरच चार्जिंग कमी होत असेल तर संशय पट्ट्यावर घ्यावा.

टर्मिनल : बॅटरीच्या दोन्ही शिंगांवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर वीज जाणार कशी? वायर हाताने हलवून पाहावी. जरा जरी फिरली तर ढिली आहे. प्रथम निगेटिव्ह वायर काढावी, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नये. पॉलिश पेपरने शिंग आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत करावी. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावावे. ग्रीस आधी लावून वर क्लॅम्प बसवू नये.

उंदीर : फडाकडेला किंवा पाचटाच्या गंजीजवळ गाडी उभी राहत असेल तर वायरींचे आवरण कुरतडलेले आहे का हे पाहावे. हा दोष आपल्या भागात वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो.

पाणी : झाकणे असलेल्या बॅटरीत पाणी प्लेटांच्या वर १० ते १२ मिलिमीटर असावे. कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी कधीही नाही. आपल्याकडील क्षारपड पट्ट्यातील पाणी जमिनीला जे करते तेच प्लेटांना करते. आणि ॲसिड वरून घालू नये. बॅटरीतून उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच असते. बॅटरीचे सहा कप्पे असतात. एकाच कप्प्यातले पाणी वारंवार कमी होत असेल तर तो कप्पा किंवा बॅटरीचे खोके फुटले असावे. सहाही कप्प्यांतले पाणी भराभर उडत असेल तर चार्जिंग जास्त होत आहे.

दुसरी पायरी : टाकीत किती आहे ते मोजा

दोन-चारशे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो. मोटारीच्या स्टार्टरपासून घरातल्या बोर्डापर्यंत तो उपयोगी पडतो, म्हणून तो घरी असावाच. मीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवावा. लाल काडी पॉझिटिव्ह शिंगावर, काळी निगेटिव्ह शिंगावर. काडी क्लॅम्पवर न ठेवता शिंगावरच टेकवावी.

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, सेल्फ मारण्यापूर्वी वाचन घ्यावे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर वाचन खोटेच जास्त दाखवते. अशा वेळी हेडलाईट दोन मिनिटे लावून बंद करावेत व थोड्या वेळाने मोजावे.

१२.६ किंवा अधिक : पूर्ण भरलेली
१२.४ : पाऊण
१२.२ : अर्धी
१२.० : पाव
११.८ व खाली : रिकामी

पहा, भरलेली आणि रिकामी यांत एका व्होल्टाचेही अंतर नाही. ‘१२ व्होल्ट दाखवतोय म्हणजे बॅटरी चांगली’ असे जे म्हटले जाते ते चूक आहे. १२.० म्हणजे तळ दिसू लागला.

झाकणे असलेल्या बॅटरीसाठी हायड्रोमीटर याहून चांगला साक्षीदार आहे. पक्वता पाहण्यासाठी आम्ही फडात रिफ्रॅक्टोमीटर घेऊन उसाचा ब्रिक्स पाहतो, तसाच हा प्रकार. भरलेल्या कप्प्याचे वाचन साधारण १२५० ते १२८० असते; ११५० च्या खाली गेले तर कप्पा रिकामा. पण एका आकड्यापेक्षा सहा आकड्यांचा मेळ महत्त्वाचा. ऊस पक्व झाला की बुडख्याचा आणि शेंड्याकडचा ब्रिक्स जवळ येतो. निरोगी बॅटरीचे सहाही कप्पे तसेच जवळजवळ सारखे असतात. पाच कप्पे १२४० आणि एक ११५० दाखवत असेल तर तो कप्पा मेला. मग अल्टरनेटर कितीही चांगला असो, ती बॅटरी बदलावीच लागेल. आणि सहाही कप्पे सारखेच खाली असतील तर बॅटरीला शिव्या देऊ नयेत. ती उपाशी आहे, पोसणारा शोधावा.

तिसरी पायरी : ओझे देऊन पाहा

मीटर शिंगांवर ठेवूनच दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. फिरत असताना वाचन १० व्होल्टच्या आसपास टिकले तर बॅटरीत दम आहे. ९.६ च्या खाली घसरले तर बॅटरी रिकामी आहे किंवा म्हातारी झाली आहे. आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा हीच चाचणी घ्यावी. चार्ज करूनही घसरली तर तिचे दिवस भरले. मोटारीच्या बॅटरीचे आयुष्य साधारण ३ ते ४ वर्षे. तिच्यावरची तारीख पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

उलट, सेल्फ कण्हत फिरतो आहे आणि शिंगांवर मात्र साडेअकरा व्होल्ट दिसत आहेत, असे असेल तर बॅटरीत माल आहे पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही. दोष वायरीत, अर्थिंगमध्ये किंवा सेल्फमध्येच शोधावा.

चौथी पायरी : मोटार पाणी उचलते का

आता गाडी सुरू करून थोडी रेस द्यावी, साधारण १५०० फेऱ्यांपर्यंत. पुन्हा शिंगांवर मोजावे.

वाचन १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आले तर चार्जिंग ठीक. मग हेडलाईट, वायपर, जे काही आहे ते सगळे लावावे. तरीही १३.३ च्या वर राहिले तर अल्टरनेटर ओझे पेलतो आहे. जुनी गाडी कमी रेसवर १३ पर्यंत खाली येते, त्याची काळजी करू नये.

वाचन बंद गाडीइतकेच म्हणजे १२.३, १२.२ असे राहिले आणि हळूहळू उतरत गेले, तर चार्जिंग होत नाही.

वाचन १४.८, १५ आणि त्याही वर गेले तर व्हॉल्व्ह बंद होत नाही, म्हणजे रेग्युलेटर बिघडला आहे किंवा त्याचे अर्थिंग तुटले आहे. बल्ब वारंवार उडणे, बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापणे, कुजक्या अंड्यासारखा वास येणे ही त्याची लक्षणे. अशी गाडी चालवत राहू नये. बॅटरी उकळते, फुगते, फुटूही शकते.

पाचवी पायरी : पाईप चोंदला आहे का

ही पायरी मिस्त्री लोक बरेचदा गाळतात आणि जुन्या गाडीत दोष नेमका येथेच असतो. गाडी चालू, रेस थोडी, हेडलाईट लावलेले. मीटरची एक काडी अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिंगावर ठेवावी. वाचन ०.३ व्होल्टपर्यंत चालेल, ०.५ च्या वर नको. मग एक काडी अल्टरनेटरच्या अंगावर (रंग खरवडून) आणि दुसरी निगेटिव्ह शिंगावर. येथे ०.२ च्या वर नको. जेवढे व्होल्ट येथे दिसतील तेवढे वाटेतच गळाले असे समजावे.

आमच्या एका गटातील सभासदाची गाडी सांगतो. एका वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या होत्या. सेल्फ कण्हत फिरायचा, दिवे पिवळे. तपासले तेव्हा अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट मिळाले आणि बॅटरीवर फक्त १२.९. मधले १.३ कोठे गेले? पॉझिटिव्ह बाजूला ०.२, ते ठीक. निगेटिव्ह बाजूला मात्र १.१. खाली वाकून पाहिले तर इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी विणलेली अर्थ पट्टी तेल-चिखलाने माखलेली, आतून कुजून चार तारांवर आलेली. नवी पट्टी टाकली, दोन्ही बोल्टांखालचा गंज घासला, आणि बॅटरीवर १४ व्होल्ट आले. दोन बॅटऱ्यांच्या किमतीचा रोग एका पट्टीने बरा झाला. सेल्फचा परतीचा प्रवाहही त्याच पट्टीतून जातो, म्हणून तोही सुधारला.

पॉझिटिव्ह वायर आपण सगळे पाहतो, अर्थिंगकडे कोणी पाहत नाही. जुन्या गाडीचा पत्रा गंजलेला, बोल्टखाली रंगाचे थर. वीज परत येणार कोठून? गेल्या पाण्याइतकेच परतीच्या वाटेचेही महत्त्व आहे.

सहावी पायरी : लाल दिवा काय सांगतो

किल्ली ‘ऑन’ केली, इंजिन बंद आहे, तर चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत हा दिवा फक्त शोभेचा नसतो; त्याच्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा थोडा प्रवाह मिळतो आणि तो जागा होतो. मोटार चालू करण्यापूर्वी आपण पंपात पाणी भरतो, तसे. म्हणून त्या दिव्याचा एवढासा बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडू शकते किंवा बरीच रेस दिल्यावरच सुरू होते.

किल्ली ऑन करूनही दिवा लागत नसेल तर आधी बल्ब, मग फ्यूज, मग बारीक वायर, आणि शेवटी अल्टरनेटरमधले कार्बन पाहावेत. कार्बन झिजून आखूड झाले की रोटरला टेकत नाहीत. गाडी चालू असताना दिवा लख्ख जळत राहिला तर पट्टा पाहावा. पट्टा ठीक तर अल्टरनेटर वीज बनवत नाही. मिणमिणता जळत राहिला तर आतला एखादा डायोड गेला असण्याचा संभव आहे.

एक गावठी पण खात्रीची चाचणी अशी. इंजिन बंद, किल्ली ऑन. अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ छोटा पाना न्यावा. तो थोडा तरी ओढला गेला तर रोटरला प्रवाह मिळतो आहे. अजिबात ओढला नाही तर कार्बन, रेग्युलेटर किंवा दिव्याची वायर यांत खंड आहे. पाहून झाल्यावर किल्ली लगेच बंद करावी.

डायोडसाठी मीटर ए.सी. व्होल्टवर ठेवून, गाडी चालू व दिवे लावलेले असताना शिंगांवर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर डायोड तपासून घ्यावेत. अल्टरनेटर आतून उघडण्याचे काम मात्र जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे. आपण दोष कोठे आहे एवढे सांगू शकलो तरी निम्मे काम झाले. मग ‘सगळेच बदलावे लागेल’ असे कोणी सहजासहजी सांगत नाही.

सातवी पायरी : रात्री उघडा राहिलेला नळ

सकाळी बॅटरी रिकामी, पण दिवसभर चार्जिंग चांगले, असे असेल तर रात्री कोणीतरी वीज पीत आहे. टेपचा ॲम्प्लिफायर, केबिनचा दिवा, चिकटलेला रिले, कुरतडलेली वायर किंवा अल्टरनेटरमधला शॉर्ट झालेला डायोड. या शेवटच्या प्रकारात गाडी तासन्‌तास उभी असूनही अल्टरनेटरचे अंग कोमट लागते.

किल्ली काढावी, दारे लावावीत, निगेटिव्ह वायर काढावी. वायर आणि शिंग यांच्या मध्ये १२ व्होल्टचा मागच्या दिव्याचा बल्ब दोन तुकडे वायर लावून जोडावा. बल्ब पेटला तर गळती आहे. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्या वाटेवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही पेटत असेल तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहावी. तिचे टोक उघडे असताना पत्र्याला लागू देऊ नये. मीटरने नेमके मोजायचे तर तो १० अँपिअरच्या खाचेत लावावा. ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालते. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल.

चालत आलेल्या चुकीच्या रीती

चालू गाडीची बॅटरीची वायर काढून ‘गाडी चालते का बघ’ ही चाचणी अनेक जण अजूनही करतात. फार जुन्या जीप-ट्रॅक्टरवर डायनामो होता तेव्हा ती खपून जात असे. अल्टरनेटरच्या गाडीत वायर काढताच व्होल्टेज एकदम उसळते आणि चांगले डायोड, रेग्युलेटर जळतात. शिवाय डिझेल इंजिन तसेही चालूच राहते, म्हणजे चाचणीतून कळत काहीच नाही. ही रीत बंद करावी. जाड वायर अंगाला घासून ठिणगी पाहणे, ही तिचीच धाकटी बहीण.

ट्रॉलीला किंवा गाडीच्या बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढून ठेवाव्यात. हंगामात ट्रॉलीची हुक, फाळके जोडून घेणे सतत चालते. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग झाले आणि दुसऱ्या दिवशी चार्जिंग गेले, तर त्यात नवल नाही.

पूर्ण मेलेली बॅटरी ढकलस्टार्ट करून अल्टरनेटरवरच भरायची, हेही बरे नव्हे. अल्टरनेटर तापतो. बॅटरी चार्जरवर, क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे ८० अँपिअर-तासांची असेल तर ८ अँपिअरने, दहा-बारा तास सावकाश भरावी. मुरवणीचे पाणी आणि लोंढ्याचे पाणी यांतला फरक आपणास सांगायला नको.

जिवाची काळजी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. जवळ विडी, काडी, वेल्डिंग नको. रात्री पाणी पाहायला काडी पेटवू नये, विजेरी घ्यावी. ॲसिड डोळ्यांत उडाले तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे तरी धुवावे आणि दवाखाना गाठावा. हातातले कडे व अंगठी पाना धरण्यापूर्वी काढावी.

दुसऱ्या गाडीवरून वायर लावून सुरू करताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडावे. निगेटिव्हची वायर आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी व तिचे दुसरे टोक सर्वांत शेवटी बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. उलटसुलट झाले तर दोन्ही गाड्यांचे डायोड एका क्षणात जातात.

हंगाम आणि पावसाळा

गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी पंधरा दिवस वरील सात पायऱ्या एकदा कराव्यात, वाचने वहीत किंवा दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावीत. पुढच्या वेळी आकडा बदलला की दोष लगेच कळतो. हंगामात दर आठवड्याला पट्टा, टर्मिनल आणि पाणी पाहावे. यास पाच मिनिटे पुरतात.

हंगाम संपल्यावर गाडी किंवा ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण पांढरा थर धरतो. मग ती पुरती भरत नाही. अनेक बॅटऱ्या हंगामातल्या कामापेक्षा पावसाळ्यातल्या विश्रांतीनेच मरतात.

काट्यापुढे रांगेत असताना हेडलाईट आणि टेप बंद, पण मागचा लाल दिवा चालू ठेवावा. तो सगळ्यांत कमी वीज खातो आणि सगळ्यांत जास्त जीव वाचवतो. त्याच्या जोडीला मागे लाल परावर्तक पट्टी लावलेली असावीच. बॅटरी मेली तरी ती मरत नाही.

ज्या सभासदांना मीटरचे वाचन कळण्यास अडचण वाटेल त्यांनी वाचने कागदावर लिहून गट कार्यालयात आणावीत. रात्रभर उभ्या गाडीचे, सेल्फ मारतानाचे, रेस दिल्यावरचे आणि दिवे लावल्यावरचे, असे चार आकडे असले की पुरेत. आमचे शेतकी मदतनीस ते पाहून कोणत्या पायरीला अडले आहे हे सांगतील. नवी बॅटरी घ्यायची ती त्यानंतर.